कसबा पेठ पायी बघायची तर नदीकडून आत या

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाने ‘जुनं पुणं दाखवा’ म्हटलं, की त्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभं करतात. तिथून लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, आणि झाली फेरी. ही ठिकाणं बघावीतच. पण त्यांच्या पाठीमागे, मुठा नदीला खेटून, कुंभार, तांबट, कागदी, शिंपी अशा हातावर पोट असलेल्या लोकांनी उभी केलेली वस्ती आहे. पुण्याची सगळ्यात जुनी पेठ हीच. ती वाडे आणि देवळं मोजून कळत नाही. आळ्यांमधून चालताना कळते, तीसुद्धा तिथे काम चालू असताना.

म्हणून नव्या माणसाला मी दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पेठेत नदीच्या बाजूने शिरा, आणि सुटीचा दिवस टाळा. सुटीच्या दिवशी रस्ते मोकळे मिळतात हे खरं, पण ज्यासाठी जायचं ते हातोडेच थांबलेले असले तर काय बघणार?

निघण्याआधी

आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास पोहोचा. त्या वेळी कारखाने उघडलेले असतात, गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू झालेली नसते, आणि कारागिराला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. दुपारी एक ते चार या वेळेत पुणेरी दुकानाची कडी वाजवण्यात अर्थ नाही. सरळ चालत गेलात तर ही वाट अर्ध्या तासाचीही नाही, पण तीन तास हाताशी ठेवा.

गाडी आणूच नका. आळ्या अरुंद आहेत, समोरून टेम्पो आला की दुचाकीलासुद्धा भिंतीला चिकटावं लागतं. मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकाला उतरा. दोन्ही मार्गिका तिथे एकत्र येतात, त्यामुळे पिंपरीहून या नाहीतर कोथरूडहून, उतरायचं तिथेच. रिक्षावाल्याला किंवा रस्त्यात कोणाला विचारायचं झालं तर ‘सिव्हिल कोर्ट’ म्हणा.

बरोबर पाण्याची बाटली, कापडी पिशवी आणि थोडी सुटी रोकड असू द्या. पायात चटकन निघणारी चप्पल बरी, कारण वाटेत देऊळ आहे आणि दर्गाही. घरात कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं पडून असेल तर तेही पिशवीत टाका. का, ते पुढे येईल.

फोनमधला नकाशा मोठ्या रस्त्यांपुरता कामाचा. आत शिरलात की माणसांना विचारा, आणि विचारताना चौकांची, आळ्यांची नावं घ्या. कुंभार वेस, पवळे चौक, साततोटी हौद, फणी आळी, शिंपी आळी, व्यवहार आळी, कागदीपुरा, तांबट आळी. ‘काका, तांबट आळी कुठून?’ एवढं पुरतं. शिवणयंत्रावर बसलेले काका, पानाच्या गादीवरचे मामा, ओट्यावर भाजी निवडणाऱ्या आजी यांच्याइतका पक्का पत्ता कोणाकडेच नसतो. ते हौदापासून आणि देवळापासून वाट सांगतात. तशीच लक्षात ठेवा.

डेंगळे पुलावर पाच मिनिटं

न्यायालयाकडून डेंगळे पुलावर या आणि मध्यावर थांबा. खाली मुठा आहे. पावसाळ्याचे महिने सोडले तर पाणी थोडं आणि मळकं असतं, वासही येतो. त्याने हिरमुसू नका. ही पेठ इथे का वसली, याचं उत्तर याच पाण्यात आहे.

कुंभाराला माती आणि पाणी दोन्ही रोज लागतं. कागद करणाऱ्याला लगदा धुवायला पाणी लागतं. त्यांना नदीपासून लांब राहणं परवडणारं नव्हतं. एका बाजूला मुठा, पूर्वेला नागझरीचा ओढा आणि मध्ये उंचवट्यावर गाव, अशी जुन्या कसब्याची बैठक आहे. भोवती गावकूस होता, त्यातून नदीकडे उतरायला वेस होती. पूल ओलांडून तुम्ही जिथे पोहोचाल ती कुंभार वेस. आज तिथे वेशीऐवजी वाहनांचा चौक आहे, पण आत शिरताना पायाखाली चढ जाणवतो. तो चढ लक्षात ठेवा. जुनी माणसं पुरापासून किती अंतर राखून राहत होती, ते त्यावरून कळतं.

एवढं अंतर राखूनही १२ जुलै १९६१ ला नदी आत आलीच. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. माती, विटा आणि लाकडाचे वाडे भिजून बसले. कितीतरी कुटुंबं इथून उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वसाहतींमध्ये गेली. नदीच्या अगदी जवळच्या पट्ट्यात जुनं बांधकाम इतकं कमी का दिसतं, असं चालताना वाटेल. त्याचं मोठं कारण त्या दिवसात आहे. पेठेतल्या सत्तरीपुढच्या कोणालाही ‘पानशेतच्या वेळी तुम्ही कुठे होतात?’ एवढं विचारा आणि मग फक्त ऐका. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं, हे हात दाखवून सांगणारी माणसं अजून भेटतात.

पावसाळ्यात येणार असाल तर खडकवासल्यातून विसर्ग किती सोडलाय, ते सकाळच्या बातम्यांत बघून निघा. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं आहेत. ती भरली की पाणी सोडतात, भिडे पूल बुडतो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. डेंगळे पुलावरून पेठेत येता येतं, पण काठावर खाली उतरायचं नाही.

कुंभारवाडा: इथे पंचांग बघून या

कुंभार वेशीतून आत आलात की कुंभारवाडा. पूर्वी इथे भट्ट्या लागत, चाकं फिरत. भर वस्तीतल्या भट्टीचा धूर शहराला खपेना, तेव्हा बरेच कुंभार मुंढव्याच्या केशवनगरात गेले. त्यामुळे प्रत्येक ओट्यावर फिरतं चाक दिसेल अशी अपेक्षा धरू नका. इथे दिसतो तो मातीचा बाजार. तो वर्षभर सारखा नसतो, आणि हीच त्याची गंमत आहे.

संक्रांतीच्या आधी सुगडी येतात, काळी आणि लाल, चळतच्या चळत. उन्हाळा लागला की माठ आणि रांजण. अक्षय तृतीयेला पितरांच्या पाण्यासाठी करा-केळी. श्रावण-भाद्रपदात गणपती. नवरात्रात घट. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे कुंभारवाड्याची खरी दिवाळी: पणत्या, बोळकी, आणि मुलांच्या किल्ल्यासाठी मावळे, तोफा, गवळणी, सिंहासनावरचे शिवाजी महाराज. वर्षातून एकदाच यायचं असेल तर या दिवसांत या. गर्दी असते, पण लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना यापेक्षा चांगली फेरी पुण्यात नाही.

माठ घेताना दुकानदाराला विचारून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर माठ नीट भाजलेला आहे. आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे किंवा माठ कच्चा राहिलाय. घरी आणलेल्या माठात पहिल्या दिवशी पाणी भरून ठेवा, ते फेकून द्या, मग वापरायला काढा. पाणी गार होतं ते माठ पाझरतो म्हणून. तेव्हा बाहेरून रंग किंवा चकाकी दिलेला माठ शोभेला ठेवा, पाण्याला साधा घ्या.

याच बाजूला नदीकाठी धाकटा शेख सल्ला दर्गा आहे. आत जायचं असेल तर डोकं झाका, चपला बाहेर ठेवा. पुढे कागदीपुरा लागतो. हाताने कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांची ही वस्ती. दप्तरांना, चोपड्यांना लागणारा कागद अशा वस्त्यांमधून येई. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. आज इथे कागद बनताना बघायला मिळणार नाही, त्यासाठी शिवाजीनगरला शेतकी महाविद्यालयाजवळच्या हातकागद संस्थेत जा. १९४० पासून तिथे हे काम चालू आहे.

तांबट आळी: इथे वेळ काढा

कागदीपुऱ्यातून आत पवळे चौकाच्या बाजूला वळलात की आधी आवाज येतो. ठक-ठक, ठक-ठक, एका लयीत. दोन-तीन ठिकाणांहून ठोके पडत असले तर आवाजाच्या दिशेने चालत राहा, पत्ता विचारावा लागणार नाही.

इथली तांबट मंडळी त्वष्टा कासार समाजाची. कोकणातून घाटावर आलेली, पेशव्यांच्या काळात इथे स्थिरावलेली. राजधानीला भांडी लागत, नाणी लागत, लढाईचं सामान लागे, आणि या सगळ्याला तांबं घडवणारे हात हवे होते. पेशवाई १८१८ मध्ये गेली तसं ते गिऱ्हाईक गेलं, पण घरोघरचा हंडा, कळशी, घंगाळ आणि बंब राहिला. जुन्या पुणेकर घरात बंब असायचाच: मधोमध उभ्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. घराघरात विजेचा गीझर आला आणि बंबही गेला. त्या पडझडीतून जे तगले ते आज ठोक्याच्या बाटल्या, पेले, ताटं, दिवे करतात.

दारात उभं राहून एखादं काम सुरुवातीपासून बघा. कारागीर जमिनीवर बसलेला असतो. समोर जाड लोखंडी खुंट रोवलेला, त्यावर भांडं उलटं चढवलेलं. उजव्या हातात तकतकीत तोंडाचा हातोडा, डाव्या हाताने भांडं केसभर फिरत राहतं. ठोका बुडाच्या मध्यापासून सुरू होतो आणि एकाशेजारी एक अशा वळ्यांनी काठाकडे सरकतो. हे मठारकाम. हातोडा दरवेळी त्याच उंचीवरून पडतो, नजर ठोक्यावर नसून पुढच्या जागेवर असते. पत्रा फार कडक झाला की भांडं विस्तवात लाल तापवतात, तांबं पुन्हा मऊ पडतं आणि ठोकायला घेतात.

“काका, हे ठोके शोभेला का?” असं कोणीतरी हमखास विचारतं.

“शोभा मागाहून. ठोकलं की पत्रा कडक होतो, पोचा पडत नाही. साधं भांडं एकदा आपटलं की बसलं.”

हे उत्तर मला फार आवडतं. जे आपण नक्षी समजून विकत घेतो तो भांड्याचा कणा आहे.

इथे वागण्याचे दोन-तीन नियम पाळाच. पुष्कळ ठिकाणी खाली कारखाना आणि वर किंवा मागे राहतं घर असतं. उंबरा ओलांडण्याआधी विचारा. फोटो काढायचा तर आधी ‘काढू का?’ म्हणा, आणि नाही म्हटलं तर कॅमेरा आत टाका. कामावरच्या माणसाच्या तोंडासमोर पंधरा जणांचा घोळका उभा करू नका. तीन-चार जण बरे. तापलेलं भांडं, ॲसिडची बादली आणि पत्र्याच्या कापलेल्या कडा आसपास असतात, तेव्हा मुलांचा हात धरून ठेवा.

भांडं घेताना

तांब्याचं भांडं वजनावर असतं. भाव विचाराल तेव्हा ‘मजुरी धरून का वेगळी?’ हेही विचारा. पत्रा किती गेजचा आहे ते बघा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. मग भांडं हातात घ्या. दिसायला मोठं आणि उचलायला हलकं असेल तर पत्रा पातळ आहे.

हाताचे ठोके आणि यंत्राचे ठोके नीट बघितले तर ओळखू येतात. यंत्राचे सगळे ठसे तंतोतंत सारखे आणि आतून गुळगुळीत असतात, हाताच्या ओळीत कुठे ठोका किंचित मोठा, कुठे किंचित तिरका पडलेला असतो. आता बरीच भांडी आकाराला यंत्रावर येतात आणि मठार हाताने होते. त्यात फसवणूक काही नाही, पण भाव त्याप्रमाणे असावा, म्हणून सरळ विचारा. तांबट माणूस आपल्या कामाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. कान किंवा तोटी डाक देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, जोडलेली असेल तर पाणी भरून दाखवायला सांगा. हाताच्या कामात मजुरीवर घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एका बाटलीवर किती ठोके पडतात ते तुम्ही आत्ताच बघितलेलं असतं.

नुसतं पाणी ठेवायला तांबं तसंच चालतं. त्यात ताक, लिंबाचं सरबत, आमटी असलं आंबट काही ठेवायचं नाही, ते कळकतं आणि पोटाला बाधतं. स्वयंपाकाला तांब्या-पितळेचं भांडं हवं असेल तर आतून कल्हई लागतेच. घरून आणलेलं पातेलं आता पिशवीतून काढा आणि कल्हई कोण करतं ते आळीतच विचारा. करणारे आता मोजके आहेत. काम चालू असेल तर बघून घ्या: भांडं तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतात आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं होतं. धुराच्या वाटेत उभं राहू नका, खोकला लागतो. पातेलं ठेवून जायचं असेल तर न्यायला कधी यायचं ते तिथेच पक्कं करा.

घरी गेल्यावर तांबं चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासा, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओलं राहिलं की डाग पडतात. तारेची घासणी ठोक्यांवर अजिबात नको.

पुढे गणपतीकडे

तांबट आळीतून निघालात की फणी आळी, शिंपी आळी, व्यवहार आळी अशी नावं येत राहतात. फणी आळीत आज फण्यांचा धंदा शोधू नका. पण या टप्प्यात मान वर करून चाला. दुकानांच्या पाट्यांच्या वर अजून कुठे सागवानी कठडे आहेत, कुठे विटांची कमान, कुठे पडवीचा एकच खांब नव्या इमारतीच्या भिंतीत अडकलेला. वाडे पडतायत, त्यांच्या जागी इमारती येतायत. भावाभावांत वाटण्या झालेल्या, भाडेकरूंनी भरलेल्या, पावसाळ्यात गळणाऱ्या वाड्यात राहणाऱ्याला ‘वाडा जपा’ असं बाहेरच्याने सांगणं सोपं आहे. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नव्या इमारतीत तळमजल्यावर दुकानाचा गाळा येतो, पण हातोडा चालवायला जागा येत नाही, आणि वर राहायला आलेल्यांना ठोक्यांचा त्रास होतो. कारागिराची जागा एकदा सुटली की त्याचा धंदा शहराबाहेर जातो किंवा मुलगा नोकरी बघतो.

कसबा गणपती पुण्याचं ग्रामदैवत, विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला. जिजाबाईंनी शिवबांना घेऊन इथे वास्तव्य केलं, उजाड झालेलं गाव पुन्हा वसवलं आणि हे देऊळ उभारलं. गाढवाचा नांगर फिरलेल्या जमिनीवर सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट पुण्यातलं प्रत्येक मूल ऐकतं. पुनर्वसनाचा खरा भार मात्र पुन्हा भट्टी आणि भाता पेटवणाऱ्यांनी उचलला असणार, हे तुम्ही आता पेठेच्या मागच्या दाराने आल्यामुळे सांगावं लागणार नाही. लग्नाची पहिली पत्रिका आजही या गणपतीपुढे ठेवतात. मुहूर्ताच्या दिवसांत देवळात हळद-कुंकवाची बोटं लागलेल्या पत्रिका दिसतील.

लाल महाल इथून हाकेच्या अंतरावर. सध्याची इमारत पुणे महापालिकेने विसाव्या शतकात नव्याने बांधलेली आहे. शाहिस्तेखानावर छापा पडला तो १६६३ मध्ये, मूळ वाड्यात. शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला आणि १८२८ च्या आगीत आतला भाग जळून गेला. दोन्ही ठिकाणी माहितीचे फलक आहेत, मी जास्त सांगत नाही.

पायात अजून बळ असेल तर दक्षिणेला रविवार पेठेच्या बाजूला बुरूड आळी करा. सुपं, टोपल्या, परड्या, चटया, शिड्या, आणि पाडव्याच्या आधी गुढीचे कळक. सूप घेताना विणीत बोट जाईल एवढी फट नसावी आणि काठ वेताने घट्ट बांधलेला असावा. नाहीतर शनिवारवाड्याजवळ एखाद्या अमृततुल्यात चहा घ्या आणि फडके हौदाजवळच्या कसबा पेठ मेट्रो स्थानकावरून परत फिरा. माठ घेतला असेल तर मेट्रोच्या गर्दीत तो फुटायची भीती, तेव्हा रिक्षा करा आणि माठ मांडीवर घेऊन बसा.